आडवी वीज, उभी उष्णता

नागपुरात राहून उष्णतेवर संशोधन करावे लागते, हे आमच्या वस्तीत कुणालाच पटत नसे. मे महिन्यात टिनाच्या छपराखाली झोपणारा प्रत्येक माणूस या विषयातला जाणकार असतो. शेजारच्या मावशी विचारायच्या, "तू थितं करते काय वं दिवसभर?" मी उत्साहाने सांगायची, "उष्णता एका बाजूनं दुसऱ्या बाजूला किती जाते ते मोजते, मावशी." त्या माझ्याकडे कीव केल्यासारखे पाहायच्या. "जाते त पुरीच जाते. मोजाले कायले पायजे?"

अशोक विजयादशमीच्या या अंकासाठी काहीतरी प्रेरणादायी लिहा, असा संपादकांचा निरोप आला. प्रेरणादायी मजकुरावरच मी वाढले आहे. माझे बाबा कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते आणि गिरणीबाहेर पत्रके काढत. घरात दूध कधी असे, कधी नसे. पत्रकांचे गठ्ठे मात्र कायम असत. त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले. पान उलटले की 'जागे व्हा!', पुन्हा उलटले की सात सक बेचाळीस. त्यामुळे उद्गारचिन्हाशिवाय वाक्य संपते, हे मला कॉलेजात गेल्यावर कळले. तेव्हा संपादकांनी क्षमा करावी. मी माझ्या एका चुकीबद्दल लिहिणार आहे.

आधी धंदा समजावून सांगते. काही पदार्थ असे असतात की त्यांची एक बाजू तापवली आणि दुसरी थंड ठेवली तर त्यांच्यातून वीज निघते. चाक नाही, यंत्र नाही, धूर नाही. आमच्या प्रयोगशाळेला यातून कंदील करायचा होता. रॉकेलचा साधा कंदील, त्याच्या काचेभोवती या पदार्थाच्या कांड्यांचे कडे, आणि कड्याच्या बाहेरून हवा लागावी म्हणून पत्र्याचे पंख. आतून ज्योतीची धग, बाहेरून हवा. एवढ्यावर एक ट्रान्झिस्टर रेडिओ चालावा आणि वीज न पोचलेल्या गावातल्या शाळेला बातम्या ऐकू याव्यात. परदेशात असे कंदील कधीच होऊन गेले होते. आम्ही ते स्वदेशी करणार होतो, म्हणजे उशिरा करणार होतो.

पदार्थ म्हणजे बिस्मथ आणि टेल्युरियम या दोन धातूंसारख्या वस्तूंचे मिश्रण. क्वार्ट्झच्या नळीत भरायचे, नळीतली हवा काढून तोंड वितळवून बंद करायचे आणि भट्टीत वितळवून इंचाइंचाने खाली उतरवत गार करायचे. मग चांदीसारखी चकाकणारी कांडी मिळते. तिच्यावर पाते टेकवले की अभ्रकासारखे पापुद्रे सुटतात. सगळी गंमत त्या पापुद्र्यांत आहे. एका पापुद्र्यातले अणू एकमेकांचे हात घट्ट धरून असतात. दोन पापुद्र्यांत मात्र नुसती तोंडओळख असते. उष्णता म्हणजे अणूंची थरथर. ती पापुद्र्याच्या लांबीने भराभर पळते, पण एका पापुद्र्यातून दुसऱ्यात उतरताना अडखळते. वीजही लांबीनेच जास्त खुशीत जाते.

नळीचे तोंड बंद करायचे काम नंदनवारदादांचे. ते आमचे काच फुंकणारे कारागीर, महाल भागात राहणारे, विणकराच्या घरातले. वडिलांचा हातमाग बंद पडल्यावर ते काचेकडे वळले होते. टेल्युरियमचा एक गुण पुस्तकात बारीक अक्षरात दिलेला असतो: त्याची वाफ थोडीशी जरी अंगात गेली तरी माणसाच्या श्वासाला आठवडेच्या आठवडे लसणाचा वास येतो. दादांच्या घरी चातुर्मासात कांदा-लसूण बंद. पहिल्याच चातुर्मासात त्यांच्या बायकोने त्यांना तीन वेळा चूळ भरायला लावली आणि चौथ्यांदा रडायला बसली. "शेवटी हिले लॅबोरेटरीत आणून भट्टी दाखवली," दादा मला सांगत होते, "त म्हणते कशी, भट्टी दिसली, पण भजे कोन्या कोपऱ्यात तळता थे दाखवा." माझ्याकडे लसणाची कुणी तक्रार केली नाही. आमच्या वस्तीत वर्षाचे बारा महिने लसूण चालतो, फक्त बसमध्ये शेजारची जागा रिकामी राहते.

आता माझे काम. पदार्थ चांगला की वाईट हे ठरवायला तीन गोष्टी मोजतात: एका अंशाच्या फरकाला विजेचा किती दाब निर्माण होतो, वीज किती सहज वाहते आणि उष्णता किती वाहते. पहिल्या दोन जास्त हव्यात, तिसरी कमी. कारण उष्णता भराभर पलीकडे गेली की दोन्ही बाजू सारख्याच तापतात आणि खेळ संपतो. तिन्हींचा मिळून एक आकडा काढतात. तो आकडा म्हणजे आमच्या धंद्यातली कुंडली.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात मी तो आकडा काढला. तात्पुरत्या जागेवर लागून मला दोन वर्षे झाली होती. वीज मोजायला पापुद्र्यातून एक लांब अरुंद पट्टी कापली आणि तिच्या दोन टोकांना तारा लावल्या. उष्णता मोजायला एका जाड पापुद्र्याची गोल चकती कापली. ती मधे ठेवली, वर गरम ठोकळा, खाली बर्फाच्या पाण्याचा. नागपुरात एप्रिलमध्ये बर्फ म्हणजे वेगळाच अध्याय. कारखान्यातून लादी सायकलरिक्षात निघायची, भुशात आणि पोत्यात गुंडाळून, आणि आमच्या दारात पोचेपर्यंत तिची वीट व्हायची. तरी तीन दिवस धीर धरून मी मोजले. आकडा आला तो मी पुस्तकात कधी पाहिला नव्हता. पुस्तकातल्या सर्वांत चांगल्या आकड्याच्याही वर होता.

आमचे प्रमुख डॉ. दाणी. शांत, पांढरा बुशशर्ट, हातात कायम फुटपट्टी. त्यांनी माझी वही दोनदा पाहिली, बेरजा तपासल्या आणि फुटपट्टी खाली ठेवली. "मिस मेश्राम," ते म्हणाले, "पेपरवर तुमचं नाव दुसरं घालू." परिषदेच्या पुस्तिकेसाठी सारांश त्याच आठवड्यात गेला आणि पूर्ण पेपर महिन्याभरात. मे अखेरीस दिल्लीची समिती येणार होती. कंदिलाच्या योजनेला मुदतवाढ द्यायची की नाही, आणि मला कायम करायचे की नाही, हे दोन्ही त्याच समितीपुढे होते.

मी घरी आकडा सांगितला ही माझी दुसरी चूक. आणीबाणीत बाबांची पत्रके बंद होती. छापखानावाला घाबरायचा. एकवीस महिने आत साठलेली उद्गारचिन्हे घेऊन बाबा बसले होते आणि त्यांना पहिला विषय मिळाला तो मी. चौथ्या दिवशी पिवळ्या कागदावर पत्रक निघाले: 'चुलीच्या धगीतून रेडिओ! आपल्या कन्येने जगाला मागे टाकले!' गिरणीच्या फाटकावर, जरीपटक्याच्या बाजारात, विहाराच्या ओट्यावर, सगळीकडे. लोक थांबवून "जय भीम" म्हणायचे आणि विचारायचे, "कदी येऊन राहिला थो कंदील?"

एक पिवळा कागद महालातल्या एका मिठाईवाल्याच्या हाती लागला. गृहस्थ कागद घेऊन थेट प्रयोगशाळेत आले. दाराशी उभे राहून म्हणाले, "धगीतून बिजली काढनारी बाई कोन?" मी पुढे झाले. "माह्या भट्टीची धग सकाळपासून फुकट जाऊन राहिली, बाई. भट्टीपाशी बसनाऱ्याले एक पंखा चालला पायजे. बोला, कदी लावता?" मी त्यांना समजावले की हे अजून प्रयोगात आहे. "मंग कागदात काहून लिहिलं?" ते म्हणाले.

मेच्या पहिल्या आठवड्यात कंदील तयार झाला. काड्यांएवढ्या कांड्या कापून नंदनवारदादांनी स्वतः एकेक डाख देऊन जोडली होती. ज्योत लावली. रेडिओने खाकरल्यासारखा आवाज केला, "आकाश" म्हणाला आणि गप्प झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. डाख तपासला, तारा तपासल्या, वात कापली, रॉकेल बदलले. सर म्हणाले, बाहेरची हवाच त्रेचाळीस अंशांची, पंख थंड होणार कसे? सगळ्यांना ते पटले. नागपुरात कुठल्याही अपयशाला मे महिना पुरतो.

पण दादांनी बाहेरच्या पंखाला बोट लावले आणि झटकन मागे घेतले. "हे हवेनं नाई तापलं, पोरी. हे आतून तापून राहिलं."

"कांड्यांतून इतकी उष्णता येणारच नाही, दादा," मी म्हणाले. "मी मोजली आहे."

"कशी मोजली, थे सांग."

मी चकती दाखवली. त्यांनी ती अंगठ्यावर ठेवून नखाने तिचे पापुद्रे चाचपले. मग कंदिलातून उरलेली एक कांडी घेऊन तिचेही चाचपले.

"आमच्या घरी घडी केलेल्या लुगड्यांची थप्पी राहे," ते म्हणाले. "थप्पीवर कोनी इस्त्री इसरली, त वरचं लुगडं जळे. खालच्याले मालूम बी नाई पडे. पन काठाकडून चटका बसला, त समद्या घड्या संगच जळत. तू चकतीच्या वरून इस्त्री ठेवली. कंदिलात ज्योत काठाकडून लागते. मी डाखल्या ना, मले माईत हाय पापुद्रे कोनीकडे हायत."

वीज मी पापुद्र्यांच्या लांबीने मोजली होती, जिकडून ती सर्वांत सहज जाते. उष्णता मोजली होती पापुद्र्यांच्या आरपार, जिकडून ती सर्वांत कमी जाते. वीज आडवी, उष्णता उभी. आणि दोन्हींचा एकच आकडा केला होता. जणू एकाची उंची आणि दुसऱ्याची रुंदी घेऊन कुणी पैलवान जाहीर करावा. हा पदार्थ पापुद्र्यापापुद्र्यानेच सुटतो, म्हणून पट्टी तशी निघते आणि चकती अशी. हात चुकीच्या दिशेला आपोआप जातो. हे स्पष्टीकरण आहे, सबब नाही.

आता चकती दुसऱ्या दिशेने कापून पाहायची, म्हणजे पापुद्रे उभे ठेवून. तशी ती कापताना पत्त्यांच्या कॅटसारखी सुटते. पहिली सुटली, दुसरी सुटली. तिसऱ्या वेळी दादांनी कांडीभोवती मेण ओतले, मी श्वास रोखून कापली आणि ती टिकली. दोन दिवस मोजले. नवा आकडा जुन्याच्या निम्मा आला. वाईट नव्हता. पुस्तकात होता तसाच होता, म्हणजे जगाला मागे टाकण्याऐवजी जगाबरोबर चालणारा.

समितीला सहा दिवस उरले होते. सरांच्या खोलीत वाळ्याच्या ताटीवरून पाणी ठिबकत होते. मी वही पुढे ठेवली. त्यांनी वाचली आणि चष्मा काढला.

"हे समितीनंतर बघू."

"सर, समितीला कुठला आकडा सांगायचा?"

"दोन्ही मोजमापं खरी आहेत."

"खरी आहेत, सर. पण एका दिशेची नाहीत."

"तुमची फाईल याच समितीपुढे आहे, माहीत आहे ना?"

मला त्या वेळी मोठे भाषण करायचे होते. सत्य, समाज, शोषण, सगळे शब्द बाबांच्या अक्षरात डोळ्यांपुढे येत होते. पण कुणावर ओरडणार? कापली मी, मोजली मी. तोंडातून एवढेच निघाले, "चूक माझी आहे, सर."

ते खिन्नपणे हसले. "तुमची एकटीची असती तर सोपं होतं. पेपरवर पहिलं नाव माझं आहे."

समिती आली ती भर दुपारी. लू लागू नये म्हणून कुणीतरी अध्यक्षांना खिशात कांदा ठेवायला लावला होता. कांदा त्यांचा आणि लसूण आमचा, असा एकूण दरबार भरला. सरांनी योजना वाचून दाखवली. आकड्याच्या पानाशी येऊन ते थांबले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "याबद्दल मिस मेश्राम सांगतील."

हे धैर्य होते की ढकलणे, ते मला आजवर ठरवता आलेले नाही. मी फळ्यावर पट्टी काढली, चकती काढली, दोन्हींवर पापुद्र्यांच्या रेघा ओढल्या आणि सांगितले की आधीचा आकडा चुकीचा आहे, तो मी मोजला होता, आणि ही चूक नंदनवारदादांनी दाखवून दिली. एका सदस्याने विचारले, नंदनवार कुठले प्राध्यापक? मी म्हटले, काच फुंकतात.

अध्यक्षांनी खिशातला कांदा चाचपला. "तो लालटेन का क्या होगा, बेटी? जलेगी?"

"लालटेन तो जलेगी, सर. रेडिओ नहीं बजेगा."

ते मनापासून हसले. हसणे प्रामाणिक होते आणि निर्णयही. कंदिलाची योजना 'पुनर्विचारासाठी' गेली. ज्यांनी सरकारी नोकरी केली आहे त्यांना तो पत्ता माहीत आहे. माझ्या फाईलवर 'अनुभव वाढू द्यावा' असा शेरा पडला. तो दोन वर्षे वाढू दिला गेला. सरांनी पूर्ण पेपर परत मागवून नवा पाठवला. त्यात दोन्ही दिशांचे आकडे वेगवेगळे, स्वच्छ दिले होते. पण आधी चुकलो होतो, असे एक वाक्य त्यात नव्हते. मी दोनदा घातले, त्यांनी दोनदा खोडले. "त्याची पद्धत नाही," म्हणाले. परिषदेच्या पुस्तिकेतला जुना आकडा आजही तिथेच दिमाखात उभा आहे.

समितीपेक्षा अवघड बाबा निघाले.

"पत्रकाले शुद्धिपत्र नसते, पोरी," ते म्हणाले. "लोकं हसतीन. म्हनतीन, पाहा, यायच्या पोरीले मोजता बी येत नाई. अन् हसाले टपलेले किती हायत, तुले माईत नाई?"

"माहीत आहेत."

"गिरनीच्या मालकानं कदी काढलं काय शुद्धिपत्र? सरकारनं काढलं?"

"नाही काढलं. म्हणूनच तर तुम्ही त्यांच्यावर पत्रकं काढता ना, बाबा?"

दोन दिवस त्यांनी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी कामावरून आले, हात धुतले आणि म्हणाले, "समजव. मले समजल्याबिगर मी छापत नाई." पहिल्या वेळी हा नियम दोघेही विसरलो होतो. मी पोळीचे पदर उलगडून दाखवले, दादांची लुगडी सांगितली. बाबा साच्यावरचे, कापडाची थप्पी त्यांना लगेच कळली. मग त्यांचे डोळे चमकले. "म्हंजे वरच्या थराची ऊब खालच्या थराले भेटत नाई! यावर त—"

"बाबा, नाही. स्फटिकात वरचा-खालचा नसतो. उलटा केला तरी तोच."

"नसते?" त्यांना मनापासून वाईट वाटले. एवढा चांगला मुद्दा त्यांनी आयुष्यात कधी सोडला नव्हता. तो त्यांनी सोडला.

शुद्धिपत्र निळ्या कागदावर निघाले. वर जाड अक्षरात 'आमची चूक', खाली अकरा ओळी. वीज कोणत्या दिशेने मोजली, उष्णता कोणत्या दिशेने, आकडा निम्मा कसा झाला, आणि चूक कुणी पकडली. त्यात एकही उद्गारचिन्ह नव्हते. बाबांनी ते गिरणीच्या फाटकावर स्वतः उभे राहून वाटले. हसणारे हसले. एकाने विचारले, आता पुढचे पत्रक कोणत्या दिशेनं वाचायचं? बाबांनी त्यालाही एक प्रत जास्तीची दिली. त्या मोजमापाची चूक चूक म्हणून या जगात कुठे छापली गेली असेल, तर ती त्या निळ्या कागदावर. नंदनवारदादांचे नावही फक्त तिथेच आहे. त्यांच्या बायकोने तो कागद आरशाच्या चौकटीत खोचून ठेवला. लसणाचा संशय त्या दिवसापासून गेला म्हणतात.

महिन्याभराने मिठाईवाले पुन्हा आले. या वेळी हातात निळा कागद. मला वाटले, आता ऐकून घ्यावे लागणार.

"आकडा निम्मा झाला म्हनता?"

"हो. निम्मा."

"मंग आता खरा असन."

"कशावरून?"

"बाई, मी खवा करतो. दुधातून खवा जास्त निंगाला, का मी पयले दूधवाल्याचा कान धरतो. पीठ असते त्याच्यात. कमी निंगाला त फार त फार पानी असन." त्यांनी कागदाची नीट चौघडी घातली आणि खिशात ठेवली. "निम्म्यात केवढा पंखा चालते?"

पडून राहिलेल्या कंदिलातल्या कांड्या, खेळण्यातली एक मोटर आणि पत्र्याची तीन पाती; सरांनी परवानगी दिली आणि दादांनी डाखून दिले. तो पंखा आजही महालात त्या भट्टीच्या कडेला फिरतो. माणसाला वारा घालण्याची त्याची ताकद नाही, पेढ्यांवरच्या माशा मात्र उठतात. थंडीत जोरात फिरतो, मेमध्ये हळू.

कुणी विचारले तर मिठाईवाले खरे तेवढेच सांगतात: "माशांपुरता हाय."